अभिनंदन! लवकरच इंजिनियर

सकाळी उठल्यावर ओनेसिमो दालुंपिनेस, घरच्यांचा सिमो, आधी खाणावळीच्या दाराच्या फळ्या काढत असे, मग चुलीतली आदल्या दिवशीची राख डब्यात भरत असे, आणि आत आईचा लसूण तेलात तांबूस होईपर्यंत रस्त्याकडेची बाकडी ओल्या फडक्याने पुसून काढत असे. त्या मंगळवारीही त्याने हे सगळे याच क्रमाने केले. शेवटचे बाकडे पुसता पुसता त्याने सहज मान वर केली आणि हातातले फडके गळून पडले.

रस्त्यापलीकडे, विजेच्या दोन खांबांच्या मधे, तो स्वतःच लटकत होता!

फोटो पदवीदानाच्या दिवशीचा होता. अंगात काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, ओठांवर छायाचित्रकाराने बळेच आणलेले हसू, आणि एकेक कान भाताच्या परातीएवढा. खाली लाल अक्षरांत लिहिले होते : 'अभिनंदन! इंजिनियर ओनेसिमो दालुंपिनेस! परवाना परीक्षेत उज्ज्वल यश!' डाव्या कोपऱ्यात गावचे कप्तान, म्हणजे सरपंच, वेनान्सियो हसत होते, उजव्या कोपऱ्यात तेरियो मामा. कप्तानांचा चेहरा सिमोच्या चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा होता, पण त्यात नवल काही नव्हते. गावात कोणाचेही यश कप्तानांच्या चेहऱ्याशिवाय पूर्ण होत नसे.

नवल एवढेच होते की परीक्षेचा निकाल त्या दिवशी दुपारी लागायचा होता.

"कसा दिसतोय?" मागून आवाज आला. तेरियो मामा न्याहारीला आले होते. हे सिमोच्या आईचे धाकटे भाऊ, गावच्या पंचायतीचे सभासद. कुठलेही काम वेळेच्या आधी उरकण्याबद्दल त्यांची ख्याती होती. स्वतःच्या लग्नाला ते पाद्रीबुवांच्या आधी चर्चमध्ये पोहोचले होते, आणि चर्चच्या किल्ल्या येईपर्यंत पायरीवर झोपले होते.

"मामा! निकाल आज दुपारी आहे!"

"माहीत आहे की! म्हणून तर महिन्यापूर्वीच छापून ठेवला. निकालाच्या दिवशी छापखान्यात मुंगीला शिरायला जागा नसते. गेल्या साली त्या नर्सचा फ्लेक्स लागेपर्यंत पोरगी दुबईला पोचली होती."

"छापलात ते छापलात. पण टांगलात कशाला?"

"शिडीवाला आज बहिणीच्या गावी चाललाय. मग टांगणार कोण, तू?"

"आणि मी नापास झालो तर?"

मामा विंचू चावल्यासारखे उडाले. "अशुभ बोलू नकोस! लाकूड वाजव! वाजव आधी!"

सिमोने बाकडे वाजवले. बाकड्याचा एक पाय आधीच डुगडुगत होता, तो निखळला. मामांनी तिकडे पाहायचे टाळले.

परीक्षा सरकारी परवान्याची होती. ती पार केल्याशिवाय इमारतीच्या नकाशावर सही करता येत नाही, आणि नावाआधी 'इंजिनियर' लावता येत नाही. ती पार केली की मात्र माणसाचे मूळ नाव लोक विसरूनच जातात. बाजारात, चर्चमध्ये, न्हाव्याकडे, सगळीकडे तो नुसता 'इंजिनियर' होतो, आणि सख्खी आईसुद्धा हाक मारते, "इंजिनियर, जरा मीठ दे रे!"

दुपारी यादी आली. सिमोने मोबाइलवर आपल्या आडनावाच्या आसपासची नावे वाचली, मग पुन्हा वाचली. जिथे त्याचे नाव असायला हवे होते, तिथे दोन परके गृहस्थ एकमेकांना इतके खेटून उभे होते की मधे सुई शिरली नसती. पुढे गुण कळले तेव्हा आणखीच मौज झाली. एकूण गुण पुरेसे होते, पण बांधकामाच्या डिझाइनच्या एका विषयात तो किमान गुणांच्या खाली घसरला होता, आणि त्या एका विषयाने बाकीच्यांना बरोबर ओढून नेले होते.

तो स्वयंपाकघरात गेला. आई मोठ्या कढईत शेवया परतत होती.

"आई, नाव नाही."

आईचा उलथणे धरलेला हात क्षणभर थांबला. "नीट पाहिलंस?"

"खालून वरही पाहिलं."

"बरं. मग जेवून घे." तिने पुन्हा परतायला सुरुवात केली. "आणि रडायचं असेल तर ते कांदे घे चिरायला. कुणाला कळायचं नाही."

सिमोने त्या दुपारी इतके कांदे चिरले की दुसऱ्या दिवशी खाणावळीतल्या केळ्याच्या भज्यांनाही कांद्याची चव होती.

मामांनी मात्र शांतपणे चौकशी सुरू केली. "परीक्षेच्या इमारतीतून बाहेर पडताना मागं वळून पाहिलंस का? खरं सांग! मागं पाहिलं की परीक्षा पुन्हा बोलावते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"छत्री वर्गात राहिली होती, मामा. घ्यायला वळलो."

"छत्री!" मामांनी कपाळावर हात मारला. "नीमफाताई, ऐकलंस? तुझ्या पोराने छत्रीपायी परवाना घालवला!"

"बाहेर धो धो पाऊस होता."

"भिजायचं होतंस! इंजिनियर होऊन वाळला असतास!"

सिमोने मनाशी ठरवून टाकले होते की पुन्हा त्या परीक्षेला बसायचे नाही. खाणावळ बरी. भात करपला तर तो डुकरांना घालता येतो, त्याची यादी देशभर प्रसिद्ध होत नाही. हा निश्चय त्याने कोणालाही सांगितला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, तो फ्लेक्स उतरवा."

"उतरवतो, उतरवतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमो फडके घेऊन बाहेर आला, तर फ्लेक्स जागच्या जागी होता. फक्त 'अभिनंदन!' आणि 'इंजिनियर' यांच्या मधे पिवळ्या कागदाची एक पट्टी चिकटली होती, आणि तळाच्या उज्ज्वल यशावर कोरा कागद. पट्टीवर मामांच्या अक्षरात लिहिले होते : 'लवकरच'.

'अभिनंदन! लवकरच इंजिनियर ओनेसिमो दालुंपिनेस!'

"शिडी नव्हती, तर बांबूला झाडू बांधून चिकटवलं," मामा अभिमानाने म्हणाले. "यात खोटं एक अक्षर दाखव! पुढच्या परीक्षेला पास होशीलच. तोवर फ्लेक्स वाया कशाला घालवायचा?"

सिमोने तेव्हाच ती पट्टी ओरबाडून काढायला हवी होती. पण तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर बाल्दो न्याहारीला आला, त्याने फ्लेक्स वाचला आणि सिमोच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा श्वास अडकला.

"लवकरच म्हणजे पास झालेल्यांचा शपथविधी राहिलाय होय? त्याला वेळ लागतोच! माझ्या मेहुणीच्या दिराला परवान्याचं कार्ड यायला अख्खा पावसाळा गेला. काय इंजिनियर, आज मासळी कुठली?"

सिमो म्हणाला, "बांगडा." त्याला खरे तर दुसरे काही सांगायचे होते, पण तोंडातून बांगडाच आला.

पुढे हेच होत गेले. तो शब्द ज्याला जसा हवा तसा वाचता येत होता. पाद्रीबुवांनी रविवारी वेदीवरून त्याचे नाव घेतले. शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्याला मुलांपुढे चार शब्द बोलायचे आमंत्रण दिले, आणि विषयही सुचवला : 'यशाचे रहस्य'. ज्याची पोरगी वकिलीच्या परीक्षेला बसली होती त्या न्हाव्याने 'लवकरच वकील' असा फ्लेक्स लावला. मग एका बाईंनी आपल्या मुलाचा 'लवकरच डॉक्टर' म्हणून लावला, तो मुलगा सहावीत होता. कोणीतरी रात्रीतून नदीवरच्या पुलाला 'लवकरच' अशी पाटी अडकवली. त्या पुलाचे दोनच खांब उभे होते, आणि ते कप्तानांच्या मागच्या निवडणुकीपासून तसेच उभे होते. ती पाटी मात्र कप्तानांनी तासाभरात काढायला लावली.

आई सगळे पाहत होती. एकदा भाताचे पातेले उतरवताना ती सिमोला म्हणाली, "तुला लोक इंजिनियर म्हणतात, तेव्हा तू माझ्याकडे का बघत नाहीस रे?" सिमोने पातेल्याची दुसरी बाजू धरली आणि मान खाली घातली.

मग एका दुपारी, खाणावळ ऐन गर्दीत असताना, कप्तान वेनान्सियो स्वतः आले. बरोबर शहरातला एक कंत्राटदार होता आणि त्याच्या काखेत नकाशांची गुंडाळी. कप्तानांनी दोन ताटे बाजूला सारली, जेवणाऱ्यांना ताटांसकट सरकवले आणि नकाशा पसरला.

"इंजिनियर, इकडे ये! गावच्या जत्रेसाठी पक्का रंगमंच बांधतोय. शहरातले इंजिनियर सहीला महिना लावतात. आपल्या घरचा इंजिनियर असताना आपण दुसऱ्याच्या दारात का उभं राहायचं? तुझा शपथविधी लवकरच ना? मग सही आज कर, तारीख मागाहून टाकू!"

कंत्राटदाराने पेन पुढे केले. टोपण काढूनच.

सिमोने नकाशा पाहिला. रंगमंच साधाच होता, पण वरच्या बाजूला, प्रेक्षकांच्या डोक्यावर, एक लांबलचक सज्जा पुढे आला होता. एका बाजूने धरलेला, दुसरीकडे अधांतरी. परीक्षेत हाच प्रश्न होता. अशीच अधांतरी तुळई. तिच्यातल्या सळया वर लागतात की खाली, हे त्याने तिथे घाम पुसत पुसत तीनदा बदलले होते.

"काय झालं? पेन चालत नाही का?" कप्तानांनी विचारले.

"कप्तानसाहेब, हा सज्जा राहील की पडेल, हे मला सांगता येत नाही."

"इंजिनियर असून?"

"इंजिनियर नसून!" सिमोचा आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. मागच्या बाकड्यावरच्या माणसाचा घास हातातच राहिला. "मी नापास झालोय. त्या पट्टीखाली काही शपथविधी वगैरे नाही. मी डिझाइनमध्ये नापास झालोय, याच सज्ज्यात!"

कढईत मासळीचे तुकडे तेवढे तडतडत होते.

कंत्राटदार खाकरला. "नुसती सही तर आहे. सज्जा पडत नसतो हो."

"या सज्ज्यावर कोण बसणार आहे?" सिमोने विचारले.

"मी," कप्तान म्हणाले. "आणि जत्रेतल्या सौंदर्यस्पर्धेचे परीक्षक." मग त्यांनी नकाशाकडे नव्याने पाहिले. अधांतरी टोकाकडे बराच वेळ पाहिले. आणि इतक्या चपळाईने गुंडाळी केली की आमटीची वाटी कंत्राटदाराच्या मांडीवर गेली.

"शहरातलाच इंजिनियर बघू," ते म्हणाले. "महिना लागला तर लागू दे! दोन महिने लागू देत!"

ते दोघे गेले. बाल्दोने पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग त्यात काय एवढं! मी लायसन्सच्या परीक्षेत तीनदा आपटलो."

"आणि आम्ही रोज तुझ्या जीपमध्ये बसतो?" कोणीतरी ओरडले, आणि सगळी खाणावळ हसू लागली. मग दर्यावरचा एक म्हातारा म्हणाला की तो चौथीत दोन वर्षे होता. पोस्टमनने त्याहून जास्त सांगितली. जो तो आपले अपयश असे काढू लागला, जणू जत्रेत कोणाचा कोंबडा मोठा याची पैज लागली होती. सिमो हसत होता, आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आले की आपण आईकडे बघतो आहोत. आई ताटात भात वाढत होती. तिने नुसती मान हलवली.

संध्याकाळपर्यंत कप्तानांचा माणूस येऊन फ्लेक्समधून त्यांचा चेहरा तेवढा कातरून घेऊन गेला. उरलेला सिमोने शेजारची शिडी आणून स्वतः उतरवला. मामा खाली शिडी धरून उभे होते आणि काही बोलायचे टाळत होते. पण त्यांना ते फार वेळ जमले नाही.

"मग आता काय, खाणावळ?"

"बघतो," सिमो म्हणाला.

"पुढच्या वेळचा फोटो आधीच काढून ठेवू का? नुसता काढून ठेवायचा, छापायचा नाही."

"मामा!"

"बरं, बरं!"

सोमवारी पहाटे सिमोने बाकडी नेहमीसारखी पुसली, आईला सांगितले, आणि इलोइलो शहराची बस पकडली. इतर कोणाला सांगितले नाही. परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गात दुसऱ्यांदा आलेली मुले मागच्या भिंतीला टेकून बसतात. तो पुढे जाऊन बसला. पंखा घरघरत होता. शिकवणाऱ्या बाई आत आल्या, पिशवी टेबलावर ठेवली, खडू हातात घेतला.

"मागच्या खेपेला डिझाइनमध्ये कोणाची दांडी उडाली?"

वर्गात प्रत्येकाला आपापल्या वहीत काहीतरी फार महत्त्वाचे दिसू लागले. सिमोने हात वर केला, कोपरापर्यंत नव्हे, खांद्यापासून.

"नाव?"

"ओनेसिमो दालुंपिनेस."

"या फळ्यावर. कुठे अडलात ते काढून दाखवा."

सिमो उठला, बाईंच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर एक आडवी रेघ ओढली.