माउंटचं पान कोण बदलतं?

“मला पाहिलं की गुन्हेगाराला घाम फुटतो; आणि ज्याने काहीच केलेलं नाही, तोही एकदा आठवून बघतो. माझी नजर म्हणजे एक्स-रे, कान म्हणजे रडार. नाकाबद्दल मी बोलत नाही, लोक घाबरतात.” सुगावासाहेब स्वतःची ओळख अशी करून देत. पोटापाण्यासाठी मात्र ते ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या एका कंपनीत माहितीची पानं लिहीत. त्यांच्या लिखाणात आशय कमी आणि संशय जास्त. आजवर त्यांनी एकच प्रकरण हाताळलं होतं, कँटीनमधून चमचे गायब होण्याचं. चमचे घासायला गेले होते.

त्यांच्या विभागात माणसं दोनच. एक ते आणि दुसरी त्यांची सहायक, जिला सगळे धाकटी म्हणत. तपास साहेबांचा, तप धाकटीचं.

त्या आठवड्यात धाकटीला फक्त एक पान सुधारायचं होतं. विषय होता, फोल्डर माउंट करून सामायिक कसा करावा. माउंट म्हणजे एका फोल्डरच्या जागी दुसरीकडचा मजकूर आणून दाखवणं. खालचा मजकूर कुठे जात नाही, नुसता झाकला जातो, गादीवर चादर टाकल्यासारखा. तिने पान सुधारलं, दोघांच्या सामायिक फोल्डरमध्ये सेव्ह केलं आणि रजेचा अर्ज टाकला. तिची ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. भावजी कामानिमित्त परगावी. ताईजवळ कुणीच नव्हतं.

तेवढ्यात पलीकडून साहेबांची हाक आली. “धाकटे! पान जुनंच आहे!”

“सर, माझ्या कॉम्प्युटरवर तर नवीन दिसतंय.”

“गुन्हेगाराला नेहमी नवीनच दिसतं,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की ते त्यांनी पुन्हा म्हटलं.

धाकटीने पान पुन्हा सेव्ह केलं. साहेबांकडे पुन्हा जुनं. “सर, मी जरा तुमच्या मशीनवर बघू का?” असं म्हणत ती उठली, तर साहेबांनी आपल्या टेबलाला चारही बाजूंनी पॅकिंगची चिकटपट्टी गुंडाळलेली. “घटनास्थळ! कुणी हात लावायचा नाही. आणि तपास संपेपर्यंत रजा नाही.”

स्वतःच्याच टेबलावर जाण्यासाठी साहेबांना आता चिकटपट्टीखालून रांगत जावं लागे. ते रांगत गेले, पण पट्टी काढली नाही. पट्टी काढायला अक्कल लागते, रांगायला नुसते गुडघे.

पहिला संशय शेजारच्या विभागात सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरवर. टेस्टर बिचारा डावखुरा होता.

“पान उलटवलं गेलंय,” साहेबांनी डोळे बारीक केले. “उलट कामं कुठल्या हाताने होतात?”

“साहेब, हे पान कागदाचं नाही,” टेस्टर म्हणाला.

“हे तुम्हाला कसं माहीत?”

टेस्टरने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने छताकडे पाहिलं.

मग संशय एसीवर गेला, कारण तो ‘मुद्दाम आवाज करून पुरावे झाकतो’. तिथून एका प्रतिस्पर्धी कंपनीवर, जिला हे पान अस्तित्वात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. सगळ्यांवरून फिरून तो शेवटी धाकटीवर येऊन बसला.

“सगळ्यात कमी फायदा कुणाचा? तुझा. रजा तुझी अडली, बोलणी तू खाल्लीस. इतकं नुकसान निरपराध माणूस सोसेलच कशाला?”

धाकटीला रडू आलं असतं, पण रागाने आधी नंबर लावला होता. ताईचा दोनदा फोन येऊन गेला होता. दुसऱ्या वेळी ताई नेहमीसारखी ओरडली नव्हती, आणि तेव्हापासून धाकटी दर पाच मिनिटांनी फोन बघत होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरमॅडम सर्दीने लाल झालेलं नाक घेऊन ऑफिसात आल्या. हातात वाफ घ्यायचं यंत्र. साहेबांनी लगेच सगळ्यांना गोळा केलं.

“गुन्हेगार याच खोलीत आहे!”

“असू दे,” मॅडम नाकातून म्हणाल्या. “सॉकेट कुठे आहे?” चिकटपट्टी ओलांडून त्या सरळ आत शिरल्या आणि साहेबांच्या कॉम्प्युटरचा प्लग ओढून तिथे वाफेचा लावला.

“पुरावा!” साहेब किंचाळले.

“वाफ,” मॅडम म्हणाल्या. नाक मोकळं होईपर्यंत त्यांनी ती तिथेच घेतली. मग त्यांनी साहेबांचा प्लग परत लावला, कॉम्प्युटर सुरू झाला, धाकटीने साहेबांच्या आधी झुकून पान उघडलं.

पान नवीन होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

धाकटी सावकाश वळली. “सर, हाताने केलेलं माउंट कॉम्प्युटर बंद केला की सुटतं. तुम्ही इथे काही माउंट केलं होतं का?”

“मी? छे. म्हणजे, तुझ्या पानातली कमांड चालते का, ते नुसतं पाहिलं.”

“कुठल्या फोल्डरवर?”

“आपल्याच पानांच्या.”

“आणि त्यावर आणून काय ठेवलंत?”

“गेल्या वर्षीची पानं,” साहेब म्हणाले. “उदाहरण म्हणून.”

टेस्टर एवढा हसला, की त्याला खुर्ची धरावी लागली, उजव्या हाताने. मॅडमनी रजेच्या अर्जावर उभ्याउभ्याच सही केली. “पान छान झालंय. तू पळ.”

“थांबा!” साहेब गरजले. “ही माझीच चाल होती. गुन्हेगाराला गाफील ठेवायचं होतं.”

“ठेवलंत की,” मॅडम म्हणाल्या आणि शिंकल्या.

धाकटी दवाखान्यात पोहोचली तेव्हा ताई पलंगावर टेकून बसली होती. दमलेली, पण शाबूत. कुशीत मुठी आवळलेली मुलगी.

“आत्ता उगवतेस?” ताई ओरडली, आणि धाकटीला दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. तिने बाळाला उचललं, आणि झालेलं सगळं सांगितलं.

“म्हणजे चोर तो स्वतःच?”

“हो.”

“मग काय केलं त्याने?”

“काय करणार?” धाकटी म्हणाली. “पुराव्याअभावी स्वतःला सोडून दिलं.”