आठ डावे हातमोजे

ज्यांच्या दृष्टीतून मुंगीचे सातवे पाऊलही निसटत नाही, ज्यांची चाहूल लागताच अपराधी माणूस कबुलीजबाबाचा मसुदा करायला बसतो, आणि ज्यांच्या मौनालाही पुराव्याचे मोल असते, असे एक पुरुष त्या चित्रीकरणगृहात वावरत होते. ही सर्व माहिती त्यांनी स्वतःच दिली होती. सगळे त्यांना दाजी म्हणत, कारण निर्माते म्हणत. आणि निर्माते म्हणत, कारण त्यांची थोरली बहीण दाजींना दिलेली होती. चित्रपटात तपासाची दृश्ये असल्याचे कळताच त्या माउलीने भावाकडून ‘तपास-सल्लागार’ असे पद निर्माण करवून पतिराजांना दिवसभर घराबाहेर ठेवण्याची सोय करून घेतली होती.

चित्रपट म्हणजे एका सुसंस्कृत खुन्याच्या कथेचा दुसरा भाग. पहिल्या भागाच्या अखेरीस खुनी कड्यावरून कोसळून निःसंशय मेला होता. परंतु तिकीटखिडकीपुढच्या रांगांनी त्याला कथेतल्या सात वर्षांनंतर जिवंत केले. हा गृहस्थ व्हायोलिन वाजवी, बळीला ‘आपण’ म्हणे आणि ‘आपली हरकत नसेल तर’ असे विचारल्यावाचून कोणाच्या गळ्याला हात लावत नसे. त्या हातांत पांढरेशुभ्र मोजे असत, आणि तेच मोजे आता कपडेपटाच्या मास्तरांच्या मुळावर आले होते.

मास्तर रोज सकाळी आदल्या दिवशीचा, लाल पाकाच्या खोट्या रक्ताने माखलेला जोड धुऊन मागच्या पडवीतल्या दोरीवर वाळत घालीत. दुपारी उजवा मोजा तिथेच लोंबत असे आणि डावा नाहीसा झालेला असे. आठ दिवसांत आठ जोडांचे आठही डावे गेले. नवे मोजे यायला महिना लागणार होता, आणि शेवटचे दृश्य आजच, तीन वाजता होते. निर्मात्यांचा निरोप संक्षिप्त होता: तीनला मोजा नसेल, तर चारला मास्तर नसतील. बावीस वर्षांत ज्यांच्या कपडेपटातून एक बटणही हरवले नव्हते, तो माणूस सकाळपासून मोज्यांची पेटी उपसत होता.

“मास्तर, आजपासून तुम्ही माझे साहाय्यक,” दाजींनी जाहीर केले.

“पण दाजी, चोरी माझ्याकडेच झालीय.”

“म्हणून तर! पहिला संशय तुमचाच. साहाय्यक केलं की तुमच्यावर नजरही राहते.”

पहिला सिद्धान्त असा निघाला की, चोराला उजवा हातच नाही. सर्वांना उजवा हात वर करायला लावण्यात आले. दिवेवाल्याचा तेवढा प्लॅस्टरमध्ये होता. दाजींनी त्यावर संशयाने टिचकी मारली. तेव्हा त्याने शाबूत हाताने जी खूण केली, ती येथे नमूद करणे प्रशस्त नव्हे.

दुसऱ्या सिद्धान्तात प्रतिस्पर्धी निर्माते, एक पाळीव माकड आणि छपराचे कौल होते. तो कौलापाशी घसरला.

“आता खरं सांगतो,” दाजी कुजबुजले. “चोर म्हणजे खुनीसाहेब!”

खुनीसाहेब म्हणजे खुन्याची भूमिका करणारे नट. हा माणूस एरवी इतका मवाळ की, खोट्या रक्ताच्या वासानेही त्याला शिंका येत.

“भूमिका अंगात भिनलीय त्याच्या. पहिल्या भागात आठ खून, इथे आठ मोजे. नववा कोण, मास्तर?”

“पहिल्या भागात अकरा होते, दाजी.”

“तीन त्यानं अजून कबूल केलेले नाहीत.”

खुनीसाहेब समोरच संवाद घोकत बसले होते. दाजी त्यांच्यापुढे उभे राहिले आणि सहज विचारल्यासारखे म्हणाले, “चहा घेणार?”

“आपली हरकत नसेल तर.”

“ऐकलंत? ऐकलंत, मास्तर?” दाजी दोन पावले मागे सरले.

मास्तर ऐकत नव्हते. पेटीत डोके खुपसून ते चौदाव्यांदा मोजे शोधत होते. पित्तामुळे त्यांना चहा वर्ज्य असल्याने चहावाल्या मावशी आल्या-गेल्याचेही त्यांना भान नसे. मावशी आल्या, दोन कप ओतून गेल्या.

“हल्ली मावशी भारी टापटीप झाल्यात बरं का,” दाजी घुटका घेत म्हणाले. “माझा सहवास!”

खुनीसाहेबांना एक विचित्र सवय होती. इतर सारे कप बसल्या जागी सोडीत. ते मात्र आपला कप स्वतः विसळीत. आजही ते पडवीत गेले, आणि परत आले ते हळहळतच.

“मास्तर, मावशींच्या किटलीला मूठ लावून द्या हो कुणाकडून तरी. हात भाजतो बिचारीचा. तुमचा हातमोजा घालून ओतते.”

मास्तर पेटीतून इतक्या वेगाने बाहेर आले की, झाकण त्यांच्या डोक्यावर आपटले. सगळे पडवीत धावले. चुलीपाशी मावशी उभ्या होत्या. डावखुऱ्या, आणि डाव्या हातात मोजा.

“माझी दोरी, माझी चूल!” त्या कडाडल्या. “मूठ निघाल्याचं कचेरीत सांगितलं होतं मी. दुसऱ्या दिवसापासून रोज एक फडकं, तेही बोटांचं! म्हटलं, देव भलं करो त्यांचं. मळली की टोपलीत टाकत गेले.”

टोपलीत सात मोजे होते, सातही चहाने पिवळे पडलेले. दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. मास्तरांनी एकेक मोजा उलटून पाहिला. मग त्यांची नजर मोज्यांवरून किटलीकडे गेली, आणि बावीस वर्षांचे कसब जागे झाले.

“मावशी, बिनदुधाचा चहा किती आहे?”

“हवा तेवढा. पण तुम्हाला पित्त ना?”

“मला नको. मोज्यांना हवाय.”

डावा आणि उजवा, दोन्ही मोजे कढत चहात बुडाले, पिळले गेले आणि चुलीवर वाळले. तीनला खुनीसाहेबांनी ते चढवले. दिग्दर्शक पाहतच राहिले.

“मास्तर! कड्यावरून पडल्याला सात वर्षं झालीत, हे नुसत्या मोज्यांतून दाखवलंत तुम्ही. मला हे सुचायला हवं होतं.”

चार वाजले. मास्तर होते. पित्ताला न जुमानता त्यांनी मावशींच्या हातचा पहिला कप घेतला.

“मी म्हणालोच होतो,” दाजी वहीत लिहिता लिहिता म्हणाले, “धागा चहाकडेच जातोय.” आणि एकदम दचकून उठले. “मास्तर! नवं प्रकरण! माझा कप नाहीसा झालाय!”

पडवीत खुनीसाहेब तो विसळत होते.