धोंडीतात्यांचं अपील

आमच्या शेळीनं शेजारच्या धोंडीतात्यांची मेथी खाल्ली, तेव्हा मी हात जोडून त्यांच्या दारात गेलो. दुसरा कोणी असता तर आधी शिव्या घातल्या असत्या. तात्यांनी मेथीचे बुडखे बघितले, शेळीकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "सर, हिचा इरादा हुता का?"

"शेळीचा?"

"व्हय. इरादा असला तर फौजदारी. नसला तर दिवाणी, नुस्ती भरपाई."

शेळी दिवाणीवर सुटली.

नेवाशाजवळच्या आमच्या गावात तात्यांचा धाकट्या भावाशी, अण्णाशी, सामाईक विहिरीच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं दावा चालू होता. त्या नादात तात्यांनी घरातही कोर्टं बसवली. काकू म्हणजे तालुका कोर्ट. आमटी खारट का, रिमोट कोणाचा, असली प्रकरणं पहिली तिथं, आणि निकाल अर्थातच काकूंच्या बाजूनं. मग अपील जिल्ह्याला, म्हणजे सूनबाईकडे. ती खालचा निकाल कायम करायची, कारण तिला त्याच स्वयंपाकघरात राहायचं होतं. शेवटी हायकोर्ट! आपल्या जिल्ह्याचं हायकोर्ट संभाजीनगरला, आणि तात्यांची थोरली बहीणही तिथंच दिलेली. ती फोनवर सुनावणी घ्यायची.

एकदा दिवाळीच्या चिवड्याचा डबा रिकामा सापडला. तात्या दोन्ही कोर्टांत हरून हायकोर्टात गेले. काकूंनी फोन हिसकावला. "वन्सं, आवो ह्यांच्या मिशीला अजून खोबरं हाय!"

"ऐकू नगं, आक्का!" तात्या ओरडले. "वरच्या कोर्टात नवा पुरावा चालत न्हाई! फकस्त कायद्याचा मुद्दा!"

आक्कानं अपील फेटाळलं. मिशी धुवायला सांगितली.

गावात दोघं भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. "बोललं की केस कमजोर हुती," असं दोघांचंही ठाम मत. तारखेला मात्र दोघं तात्यांच्या एकाच मोटारसायकलवर निघायचे. गावाची वेस ओलांडली की तोंडं सुटायची. कांदा, गुडघे, नातवंडं, सगळं निघायचं. कोर्टात आपापल्या वकिलामागे तोंड फिरवून उभे राहायचे, पुढची तारीख पडली की खुशीत भेळ खायचे, आणि वेशीपाशी परत आले की गप्प. मी बघितलेली ही सगळ्यात सुखाची भांडणं.

पण एका लोकअदालतीत घात झाला. एका समजूतदार साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं. एक दिवस याचं पाणी, एक दिवस त्याचं. नाही म्हणायला कारणच सापडेना. सह्या झाल्या, गावानं पेढे खाल्ले. तात्या पडलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आले.

"सर, अपील करायचंय."

"अहो, तुम्हाला पाहिजे ते मिळालं की!"

"त्येच तर. वकील म्हनतो, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलच न्हाई. तालुका न्हाई, जिल्हा न्हाई, समदी दारं बंद."

"मग अण्णाकडे असंच जा ना. शेताच्या पलीकडं तर घर आहे."

तात्या बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "बिनकामाचं कसं जायचं, सर? सवयच न्हाई ऱ्हायली. दारात जाऊन म्हनू काय त्याला?"

मला फार वाईट वाटलं.

दोन-चार दिवसांनी सकाळी अंगणातून पाहतो तर तात्या स्वतःच्या हातानं म्हैस सोडून अण्णाच्या लसूणघासाच्या वाफ्याकडे हाकत होते. वर तिच्या पाठीवर थाप मारून "जा बाय, जा" म्हणाले आणि ओट्यावर येऊन बसले. थोड्याच वेळात अण्णा म्हशीची साखळी धरून बोंबलत आला.

"तात्या! तुझ्या म्हशीनं निम्मा घास चरला! आता सोडत न्हाई, दावाच लावतो!"

मी कुंपणापाशी धावलो. तात्यांचे डोळे भरून आले होते.

"लाव की, अण्णा," ते म्हणाले. "खुशाल लाव. फकस्त लोकअदालतीत नगं नेऊ. तिथं लई लवकर मिटतं."

अण्णानं म्हैस खुंट्याला बांधली आणि तात्यांच्या शेजारी ओट्यावर टेकला.