कपाटातला राउटर

कोणतीही मौल्यवान वस्तू कुलपात असली तरच तिचा समाजाला उपयोग होतो. हे तत्त्व बार्शीटाकळीच्या पुढच्या आमच्या ग्रामपंचायतीला पहिल्यापासून पटलेलं आहे. म्हणून इंटरनेट आलं त्याच दिवशी, उद्घाटन उरकताच, राउटर लोखंडी कपाटात बंद करण्यात आला. (वायरीपुरतं भोक पाडलं. आम्ही अडाणी नाही.)

नागरिकांच्या माहितीसाठी खुलासा. राउटर म्हणजे बाहेरून आलेलं नेट सगळ्यांना वाटणारी डबी. वायफाय म्हणजे तेच नेट बिनतारी. ते लोखंडातून बाहेर येत नाही, ही त्याची खोड. पंचायतीचा दोष नाही. लॅनची वायर म्हणजे राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची निळी वायर, नेट नेण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग. आमची तर इतकी भरवशाची निघाली, की उद्घाटनाचा फ्लेक्स तिनंच बांधला. दोन वादळं झाली, फ्लेक्स हलला नाही. पासवर्ड हा गुप्त शब्द असतो. उद्घाटनाला तो चहासोबत सगळ्यांना दिला, कारण एखाद्याला वगळलं तर भावकीत वाईट दिसतं. राहिली बँडविड्थ. म्हणजे एका वेळी किती नेट वाहील त्याचं माप. पाटाच्या पाण्यासारखंच, वरच्यानं ओढलं की शेवटचा वाफा कोरडा.

शेवटचा वाफा प्रणालीचा होता. भाजीवाल्या ललिताबाईची ही पोरगी. कृषी महाविद्यालयाचा अर्ज भरायला शेवटचा दिवस, मुदत पाचची. (गावात मोबाईलवर फक्त बोलता येतं, तेही ओरडून.) चार वाजता ती सरपंच खुशालरावांपुढं उभी राहिली.

"काका, कपाट उघडा न. नेट बाहेर येऊनच नाही राहिलं."

"आन् चोरीले गेलं त? जबाबदार कोन?"

"मंग ते निळी वायर त सोडून द्या."

"फ्लेक्सवर आमदारसाहेब हायेत, बाई. त्याइले खाली पाडू का?"

पोरीचा चेहरा उतरला, तसे खुशालराव विरघळले. माणूस मनाचा मोठा. कमिटीचे दोन सदस्य बोलावून, ठराव लिहून, पावणेपाचला त्यांनी कपाट उघडलं.

समोरच्या पारावरच्या एकेचाळीस मोबाईलना पासवर्ड आठवतच होता. प्रत्येकात उद्घाटनाचा व्हिडिओ महिनाभर अडकून पडला होता. खुशालराव फीत कापतात, सात मिनिटं. तो एकदम पुण्या-नागपूरच्या सोयऱ्यांकडं निघाला. इकडं पंचायतीच्या कॉम्प्युटरवर प्रणालीपुढं नुसतं गोल फिरत राहिलं. पाचला अक्षरं उमटली: मुदत संपली.

ती रडली. वर्ष गेलं तिचं. खुशालरावांनी समजूत घातली, "पुढच्या साली भरजो. नेट कुठं पळून चाललं?" आणि ते पळू नये म्हणून कपाटाला कुलूप लावलं.

आमच्या गावाला हसा, अवश्य हसा. तो व्हिडिओ तुम्हालाही आला होता. तुम्ही न पाहताच अंगठा पाठवला आणि म्हणालात, "पुन्हा पाठवा, नीट उघडला नाही." तेव्हा चार सत्तावन्न झाले होते. आम्ही पुन्हा पाठवला.