तोंडपाठ वाट

"ताई, तुमी फक्त माझ्यामागं चालायचं! या उद्यानातली वाट आपल्याला तोंडपाठ हाय. डोळ्याला पट्टी बांधा, तरी बरोबर फाटकावर आणून सोडतो!"

राधाकिशनरावांनी ही गर्जना केली ती भर एसटीत, पुढच्या ड्रायव्हरपासून मागच्या शेळीवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशी. ज्यांच्यासाठी केली त्या सुभद्राबाई खिडकीशी पिशवी धरून बसल्या होत्या. त्या तेलगावच्या. त्यांच्या सत्यमचं आणि राधाकिशनरावांच्या धनश्रीचं जमवायचं घाटत होतं. घरात बसून पोहे खात मुलीला प्रश्न विचारायचे नाहीत, कुठंतरी मोकळं फिरत बोलू, असं सत्यमनंच कळवलं होतं. राधाकिशनरावांनी ताबडतोब नेकनूरहून एसटीनं निसर्ग उद्यान असा बेत ठरवून टाकला. सत्यमच्या वडिलांना कारखान्याच्या हंगामात सुट्टी नव्हती आणि राधाकिशनरावांच्या बायकोचा गुडघा धरला होता. निघताना तिनं एवढंच बजावलं, "जरा कमी बोला!"

तेवढंच त्यांना जमत नव्हतं. खरं सांगायचं तर ते या उद्यानात आयुष्यात एकदाच आले होते, तेही मागच्याच महिन्यात. दगडांवर वनखात्यानं भगव्या रंगाचे बाण काढलेत, ते बघत गेलं की माणूस आपोआप फाटकावर येतो हे त्यांना त्या दिवशी कळलं होतं. एवढ्या भांडवलावर ते वाटाडे झाले होते! बाणांचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तोंडपाठ म्हटल्यावर बाण कशाला लागतात?

फाटकाशी उतरताना सुभद्राबाईंनी कंडक्टरला विचारलं, "परतीची गाडी कधी?"

"पाचला. त्येच्यानंतर न्हाई."

सुभद्राबाई वळल्या. "भाऊ, आधीच सांगते. मागं एका स्थळानं पंगतीला उशीर केला, म्हणून मी ते मोडलं. ज्याला येळेचं भान न्हाई, त्याच्या घरात मी सोयरीक करीत न्हाई. पाचची गाडी चुकली तर विषय संपला!"

"चुकते कशी? चारलाच येऊन शेंगा खात बसू!"

धनश्रीचा चेहरा मात्र उतरला. सत्यम तिला फोटोतच आवडला होता आणि आपल्या वडिलांना ती जन्मापासून ओळखत होती.

सुरुवात तर झकास झाली. पुढं राधाकिशनराव, त्यांच्यामागं सुभद्राबाई आणि बऱ्याच मागं धनश्री-सत्यम. राधाकिशनराव तिरक्या नजरेनं बाण टिपायचे आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून म्हणायचे, "आता इकडून!" सुभद्राबाईंवर चांगली छाप पडत होती.

मग एक टेकाड आलं. तिथं वाटेला दोन फाटे फुटले होते आणि मध्ये बाणाचा दगड होता. पण हे काय! दगडाला हळदकुंकू, वर झेंडूची फुलं, खाली फोडलेला नारळ! सुभद्राबाईंनी चपला काढल्या, पिशवीतून मोगऱ्याची उदबत्ती काढून लावली आणि नैवेद्याला दोन बिस्किटं ठेवून डोळे मिटले. तेवढ्यात राधाकिशनरावांनी वाकून कुंकवाखाली बाण शोधला. बाणाचं टोक डावीकडं होतं. मागच्या वेळी आपण उजवीकडं गेलो होतो असं त्यांना पुसट आठवलं. पण आपली आठवण मोठी की सरकारी बाण मोठा?

"डावीकडून!" ते म्हणाले.

वाटेनं टेकाडाला छान वळसा घातला. झाडं आली, मोर ओरडला, राधाकिशनरावांनी मोरावर भाषण दिलं. आणि पुन्हा एक दगड आला. हळदकुंकू, झेंडू, नारळ आणि दोन बिस्किटं!

सुभद्राबाई थबकल्या. "अगं बाई! या देवाला पण बिस्किटंच दावतात वाटतं?"

"इकडं तशीच पद्धत हाय, ताई," राधाकिशनरावांनी ठोकून दिलं. बाण पुन्हा डावीकडंच होता. दुसराच दगड असेल. वनखात्यानं एकाच साच्यातून काढले असतील. मनाची अशी समजूत घालून ते डावीकडं वळले.

पुन्हा झाडं, पुन्हा मोर आणि पुन्हा दगड! यावेळी सुभद्राबाई खाली वाकल्या, नाकानं वास घेतला आणि किंचाळल्या, "ही तर माझीच उदबत्ती! अजून जळायलीय!"

सगळे उदबत्तीभोवती गोळा झाले.

"भाऊ, आपल्याला चकवा लागलाय!" सुभद्राबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "आमच्या सासऱ्यांना असाच लागलता. रातभर एका बांधाला फिरत व्हते. चपला उलट्या घाला, चला! डावी उजव्या पायात. त्याशिवाय चकवा सोडत न्हाई!"

"पण ताई..."

"वाट तोंडपाठ हाय न्हवं तुमाला? मग चुकली कावून?"

राधाकिशनरावांनी खरं उत्तर दिलं असतं तर वाटाड्याची अब्रू गेली असती. त्यांनी मुकाट्यानं बूट उलटे चढवले. मागं धनश्री आणि सत्यमही खाली मान घालून चपला बदलत होते. त्यांचे खांदे हलत होते. पोरं घाबरली, असं राधाकिशनरावांना वाटलं.

तेवढ्यात वरच्या अंगाला शेळ्या दिसल्या. राधाकिशनराव "आलोच" म्हणत फेंगड्या पायांनी तिकडं धावले. शेळ्यांमागं जवळच्या वस्तीवरच्या बायनाबाई होत्या.

"बाई, फाटक कुणीकडं?"

"त्या देवापसून उजव्या हातानं. तुमचे बूट आसे कावून?"

"उजव्या? अहो, बाण तर डावीकडं हाय!"

"बाण कशाचा? देव हाय तो! चार महिन्याखाली उगवला. मीच पयलं कुंकू लावलं." बायनाबाई कौतुकानं सांगू लागल्या. "पर मावळतीकडं तोंड करून बसलेला. ते टोक हाय न्हवं, ते तोंड त्याचं. देवानं मावळतीकडं बघावं, बरं दिसतं का? मंग मागच्या सोमवारी मी अन् जाऊबाईनं मिळून फिरवला. आता कसा उगवतीकडं बघतोय!"

राधाकिशनराव मटकन खाली बसले. "अहो बाई, देवाला कशाला फिरवलं? माझी पोरगी बिनलग्नाची राह्यची!"

बायनाबाईंना यातलं काही उमगलं नाही. पण गडी रडकुंडीला आलाय एवढं दिसत होतं. "चला, मी घालते वाटंला," म्हणाल्या आणि शेळ्यांसकट पुढं झाल्या. मागं सगळी वरात उलट्या चपलांनी! कुणाचा अंगठा बाहेर, कुणाची टाच बाहेर. सुभद्राबाई तर चालताचालता रामनाम घेत होत्या.

फाटक दिसलं. एसटीही दिसली. पण पाठमोरी! राधाकिशनरावांनी हात केले, हाका मारल्या, एक बूट काढून हवेत फिरवला. एसटी वळणावर गेली आणि मागं नुसती धूळ राहिली.

संपलं! त्यांना रस्त्यातच ढसाढसा रडावंसं वाटलं. मोठेपणा मिरवायला गेलो आणि लेकीचं चांगलं स्थळ हातानं घालवलं. बाणाचं आता खरं काय ते सांगून टाकावं म्हणून ते सुभद्राबाईंकडं गेले, तर त्या बायनाबाईंशी हळू आवाजात बोलत होत्या.

"लई जागृत हाय," बायनाबाई सांगत होत्या. "मनात आलं तर माणसाला जाऊ देत न्हाई."

सुभद्राबाई गंभीर चेहऱ्यानं वळल्या. "भाऊ, चकवा न्हवता तो. मी देवापाशी म्हणलं व्हतं, ही पोरगी आमच्या घरची असंल तर खूण दाव. त्यानं मला पुन्हापुन्हा माघारी बोलावलं! गाडी गेली तर जाऊ द्या, मागून काळीपिवळी जीप येईल. सोयरीक पक्की!"

राधाकिशनरावांचा आ वासला. धनश्रीला बाजूला घेऊन ते पुटपुटले, "पोरी, तो देव न्हाई गं, बाण हाय!"

"माहीत हाय, अण्णा. पहिल्याच फेरीत कळलं आमाला."

"मग बोलली कावून न्हाईस?"

धनश्री लाजली. "आमचं बोलणं संपलं नव्हतं!"

तिकडं सुभद्राबाईंचा बेत पुढं सरकला होता. "लग्न झालं की पयलं दर्शन इथंच! दोन्हीकडचं सगळं वऱ्हाड एसटीनं आणायचं. देवानं आपल्याला फिरवलं तसं समद्यांनी फिरायचं. आन् भाऊ, वाट दाखवायला तुमीच पुढं!"

"म्हणजे काय! वाट तर..." राधाकिशनरावांनी जीभ चावली. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून ते हळूच बायनाबाईंजवळ सरकले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, सरकारी माणसं येतील अन् तो दगड सरळ करून जातील. वऱ्हाड यायच्या आत तुमी आन् जाऊबाईनं तेवढा परत उगवतीकडं फिरवून ठेवा!"