तिसरा बाक

चौथीतल्या अफिफाच्या कानाशी मुलं रोज जेवणाचं ताट बडवतात आणि ती बाकाखाली जाऊन बसते, अशी तक्रार तिच्या आईनं, नसीमबानोनं, तेल्हारा तालुक्यातल्या एका शाळेत केली. अफिफा स्वमग्न आहे, हे अकोल्याच्या डॉक्टरनं आईला कागदावर लिहून दिलं होतं. मुलांना ते ओळखायला कागद लागला नाही.

मुख्याध्यापक धर्मपालसर भला माणूस. पण ते वर्ष तणावग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या सर्वेक्षणाचं होतं आणि शाळेत दुसरा अर्जच नव्हता.

"यातच भरू. पीक कोणतं?"

"पोरगी हाये, सर. आमचं तं शिलाईचं दुकान."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

पीक : कापूस.
नुकसानीचं कारण : ताट.

अर्जावरून समुपदेशक आला. धीर सोडू नका, शेळ्या पाळा, म्हणाला. ताटाचं काय? "ते शालेय स्तरावर."

शालेय स्तरावर समिती बसली. ताटं चाळीस होती, अफिफा एक. हलवायला सोपं काय, हे समितीनं पाहिलं. अफिफा आधी जेवणाच्या सुट्टीपुरती, मग दिवसभर, खिचडीच्या तांदळाच्या खोलीत बसू लागली.

"सर, तिले तिचा तिसरा बाक पाहिजे. घरी तेच म्हनून राहिली, तिसरा बाक, खिडकी."

"पण आता कोणी त्रास देते काय तिले?"

"कोन देईन? पोत्याइले कुठं हात असतात?"

सरांनी लिहून घेतलं.

पालक : समाधानी.
छळाच्या घटना : निरंक.

या नोंदीवरून शाळेचा सत्कार ठरला. पाहुण्यांना लाभार्थी पाहायची होती, म्हणून अफिफाला खोलीतून मंचावर आणलं. मंचावर टेबल कमी पडल्यानं वर्गातला एक बाक आणून त्यावर नारळ मांडले होते. अफिफानं बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. तिचाच होता. नारळ बाजूला सारून ती बसली आणि कित्येक महिन्यांनी हसली.

पाहुणे गहिवरले. त्यांनी टाळी वाजवली. मग सरांनी, समितीनं, चाळीस मुलांनी, साऱ्या मैदानानं.

अफिफा बाकाखाली गेली.

"बंद करा," नसीमबानो म्हणाली. कोणाला ऐकू गेलं नाही.

शेजारच्या चतुराबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "वाजव ना वं. तुयाच पोरीसाठी चाल्लं हे. काहून उभी हायेस अशी?"

कार्यक्रमाच्या अहवालात नसीमबानोच्या नावापुढे 'असहकार' अशी नोंद आहे. आपण तिथं असतो, तर आपली नोंद चांगली झाली असती.