खालून वर वाचणारे दामूमामा

आमच्या शेजारचे दामूमामा पेपर खालून वर वाचतात. वर मोठ्या अक्षरात थापा असतात आणि खरं काय ते तळाला मुंगीएवढ्या अक्षरात असतं, असं त्यांचं म्हणणं. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली, त्यामुळे समोर येईल ते वजनाला कमी भरणार, हे ते धरूनच चालतात. गळ्यात बुटाच्या नाडीला भिंग बांधलेलं. माझ्या नणंदेची लग्नपत्रिकासुद्धा त्यांनी तळापासून वाचली. "'कृपया आहेर आणू नये.' हां! म्हंजी कायतरी भानगड हाय," म्हणून माझ्या मालकांना दोन दिवस छळलं.

मग आमच्या बेलापुरात टपालाने बक्षिसं येऊ लागली आणि मामांना काम मिळालं. जाहिरात बघून पत्र टाकायचं, पार्सल आलं की पोस्टात पैसे भरून सोडवायचं. भरल्याशिवाय उघडायची सोय नाही. मामा एकटे राहणारे. सकाळी भाकरी खाल्ली की पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसत. कोणी पार्सल घेऊन बाहेर आला की हुकूम सुटायचा, "फोड हितंच, समद्यांच्या देखत!" लोकही तमाशा बघायला थांबत.

आमच्या आळीतल्या रखमाजीने 'दूध दुप्पट करणारं यंत्र' मागवलं होतं. निघालं एक पत्र्याचं माप. अर्ध्या लिटरच्या खुणेपाशी एक लिटर छापलेलं! मामा ते माप घेऊन थेट घोडेगावच्या बाजारात गेले आणि जनावरांच्या गर्दीत उभे राहून ओरडले, "रखमाचं दूध दुप्पट झालं रं! म्हशीला मातर अजून कळलं न्हाई!" रखमाजीने बरेच दिवस त्या बाजाराचं तोंड बघितलं नाही.

हे सगळं माहीत असून मी फसले.

पेपरात एक कोडं आलं होतं. नऊ चौकोनांत एक ते नऊ आकडे भरायचे, आडवी-उभी-तिरपी बेरीज पंधरा. बक्षीस शिलाई मशीन. मला ते कोडं चुलीपाशी बसल्या बसल्या सुटलं. थोड्या दिवसांनी पत्र आलं, 'अभिनंदन! आपले उत्तर अचूक आहे.' चौथीत शाळा सुटल्यापासून मला कोणी बरोबर म्हटलं नव्हतं. ते पत्र मी ज्वारीच्या डब्यात लपवलं. मालकांनाही सांगितलं नाही.

पार्सल आलं ते साबणाच्या वडीएवढं. पदराखाली धरून बाहेर पडले, तर पायरीवर मामा, रखमाजी आणि पाणी भरून परतणाऱ्या चार बायका.

"काय लपिवती गं सुमन? फोड हितंच!"

मी पदर आणखी पुढे ओढला. मामांनी पार्सल घेऊन फोडलं. आत प्लास्टिकचा चिमटा आणि त्याला एक सुई. वर लिहिलेलं, 'शिलाई मशीन.' मामांनी भिंग लावलं, मग भिंग खाली करून माझ्या तोंडाकडे बघितलं. रखमाजी पुढे सरकला.

"कुनाचं हाय ते?"

"माजं," मामा म्हणाले. "ती फशिवनारी मानसं मला वळखत्यात, म्हनून हिच्या नावानं मागवलं."

"आन् बारीक अक्षर न्हाई वाचलं व्हय, मामा?"

"इसरलो."

रखमाजी हसत हसत खालीच बसला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मामांनी कोणाला हटकलं की पोरंटोरं विचारायची, "मामा, मशीन चालतंय का?" "चालतंय की, झकास," असं म्हणून मामा पुढे जायचे. मग पायरीवर बसणंही सुटलं. लोक पुन्हा खुशाल पार्सलं घरी नेऊन फोडू लागले.

एकदा कुंपणापाशी मी म्हटलं, "मामा, लोकांना खरं सांगते मी."

"कोडं तूच सोडवलंस ना?"

"व्हय."

"बेरीज पंधराच आली ना?"

"व्हय, समदीकडनं."

"मग तेवढं खरं हाय. बाकीचं कशाला सांगतीस?"

सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. म्हणून ही वही. चिमटा माझा होता, एवढं एक वाक्य मी या पानाच्या अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं आहे. वही मामांच्या हाती पडली, तर ते तिथूनच सुरुवात करतील.